सिमको लेकवर बर्फातून व्हाइटफिश आणि ट्राउट

कॅनडात टोरांटोजवळच्या सिमको लेकवर, म्हणजे तलावावर, हिवाळ्यात व्हाइटफिश आणि लेक ट्राउट पकडायला जायचं म्हणजे पायाखाली फूटभर बर्फ, त्याच्याखाली ऐंशी-नव्वद फूट काळं पाणी आणि हातात जेमतेम अडीच-तीन फुटांचा रॉड. मागच्या हिवाळ्यात दादा मला घेऊन गेला (माझा चुलतभाऊ, बॅरीला राहतो), आणि मग सीझन बंद होईपर्यंत जमेल त्या शनिवारी मी ब्रॅम्प्टनहून हायवे ४०० धरून तिकडे जातच राहिले. टोरांटोच्या आसपास एवढी मराठी माणसं आहेत, त्यातली कितीतरी मासेखाऊ, आणि तासा-सव्वातासावर असा लेक आहे, तरी बर्फावर जायचं म्हटलं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मी मूळची मालवणकडची. लहानपणी वडिलांबरोबर खाडीवर गरवायला जायचे, दोरीला बोट लावून बसायचं आणि खाली शेंगटी ओढतेय की कुर्ली आमिष कुरतडतेय ते बोटाला कळायचं. इथे आल्यावर इतकी वर्षं मासे फक्त दुकानातून आणले. दादा बरीच वर्षं सांगत होता की एकदा ये, तुला जमेल, कारण बर्फावर पण सगळा खेळ बोटांचाच आहे. ते खरं निघालं.

आधी बर्फाचं सांगते कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच येतात. सिमको ७२२ चौरस किलोमीटरचा लेक आहे आणि तो सगळा एका दिवसात एकसारखा गोठत नाही. दक्षिणेचा कुक्स बे (बे म्हणजे लेकचा जमिनीत शिरलेला भाग) उथळ आहे, तो आधी गोठतो, तिथे पर्च नावाचे छोटे मासे पकडणाऱ्यांची गर्दी असते. पश्चिमेला केम्पेनफेल्ट बे, ज्याच्या टोकाला बॅरी शहर आहे, तिथे पाणी ४१ मीटरपर्यंत खोल, अख्ख्या लेकमधलं सगळ्यात खोल. एवढ्या पाण्यातली उष्णता निघून जायला वेळ लागतो म्हणून तिथे बर्फ उशिरा धरतो, आणि नेमके ट्राउट आणि व्हाइटफिश खोल पाण्यातले मासे, त्यामुळे पर्चवाले बर्फावर बसलेले दिसायला लागले तरी आपण थांबायचं. २०२४ च्या हिवाळ्यात तर लेकचा मोठा भाग धड गोठलाच नाही, हट, म्हणजे बर्फावरच्या खोपट्या, भाड्याने देणाऱ्या बऱ्याच लोकांचा सीझन गेला, दादा एकदाही खोल पाण्यावर गेला नाही. कोणी कितीही म्हणालं की काल आम्ही तिथे होतो, तरी बर्फ आपण स्वतः बघायचा.

बघायचा कसा, तर पहारीने. दादा पुढे, हातात लांब पहार, दर काही पावलांवर जोरात एक घाव. एका घावात पहार पाण्यात गेली तर आल्या वाटेने मागे फिरायचं, विचार करत उभं राहायचं नाही. मग मधूनमधून ऑगरने (बर्फात भोक पाडायचं गिरमिट) भोक पाडून जाडी मोजायची. स्वच्छ, निळसर, काचेसारखा बर्फ चार इंच असेल तर चालत जाता येतं, स्नोमोबिलला आठ इंच धरतात आणि गाडीला बारा, पण हे सगळं निळ्या बर्फाचं. पांढरा बर्फ, म्हणजे जो स्नो आणि पाणी मिसळून परत गोठलेला असतो, त्याची ताकद निम्मीच समजायची. "बर्फ सगळो सारखो नसता गो," दादा म्हणाला, आणि खरंच पन्नास पावलांवर जाडी बदललेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली. वरती स्नोचा जाड थर असला तर तो पांघरुणासारखं काम करतो, बाहेर उणे वीस असलं तरी खालचा बर्फ हळूहळूच वाढतो. नदीचं तोंड, पुलाखालची जागा, पाण्याला ओढ असलेली चिंचोळी जागा, हे सगळं टाळायचं. आणि प्रेशर क्रॅक, म्हणजे जिथे बर्फाचे दोन मोठे तुकडे एकमेकांवर चढलेत, ती रेघ लांबूनच दिसते, तिच्या जवळपास जायचं नाही.

गळ्यात आइस पिक्स अडकवलेले असतात, दोन मुठी आणि त्यांच्या टोकाला खिळे. पाण्यात पडलंच तर ते बर्फात रोवून स्वतःला बाहेर ओढायचं, ज्या बाजूने आलो त्याच बाजूने, कारण तिथला बर्फ निदान आपलं वजन पेलत होता हे माहिती असतं. बाहेर आल्यावर उभं नाही राहायचं, लोळत लांब जायचं. अंगात फ्लोटर सूट, जो गरमही ठेवतो आणि पाण्यात तरंगवतोही. तो महाग असतो, पण मला विचाराल तर बाकी सगळं सामान सेकंडहँड घ्या, हा एक चांगला घ्या. बुटांना खाली काट्यांच्या पट्ट्या लावल्या नाहीत तर वाऱ्याने स्नो उडवून लावलेल्या जागी पाय ठरत नाही.

पहाटे अंधारात निघालो तेव्हा उणे अठरा होतं, वारा कमी. चालताना बर्फ वाजतो. खोलवरून एक लांब घुमणारा आवाज येतो, कुठेतरी दूर सुरू होतो आणि आपल्या पायाखालून निघून जातो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी जागच्या जागी थांबले. दादाने समजावलं की कडाक्याच्या थंडीत बर्फ वाढतो, आकसतो, ताणला जातो, तेव्हा हा आवाज येतो, जाड बर्फातून सुद्धा येतो. त्यानंतर मला तो आवाज आवडायला लागला, अजूनही आवडतो.

ज्यांना चालत जायचं नाही त्यांच्यासाठी किनाऱ्यावर हट ऑपरेटर असतात, जॅक्सन्स पॉइंट, बीव्हर्टन, इनिसफिल सगळीकडे. ते स्नोमोबिलने किंवा बॉम्बार्डियर नावाच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या गाडीतून आत नेऊन सोडतात, हटमध्ये हीटर असतो, भोकं पाडून तयार असतात, आमिषही देतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, लहान मुलं बरोबर असतील तर नक्कीच, असंच जावं असं माझं मत आहे, कारण रोज बर्फावर जाणाऱ्या माणसाला कुठे काय धोका आहे ते माहिती असतं.

लायसन्सशिवाय रॉडला हात लावायचा नाही. ऑन्टारियोमध्ये आउटडोअर्स कार्ड आणि फिशिंग लायसन्स दोन्ही लागतात, ऑनलाइन मिळतात, एका दिवसाचं लायसन्सही मिळतं. फेब्रुवारीत फॅमिली डेच्या वीकेंडला कॅनडात राहणाऱ्यांना लायसन्स नसलं तरी चालतं, बाकीचे नियम मात्र तेच आणि मासे कमी ठेवायचे, त्यामुळे नुसतं करून बघायचं असेल तर तो वीकेंड बेस्ट. बर्फावर एका माणसाला दोन दोऱ्या चालतात, पण दोन्ही सतत नजरेत पाहिजेत आणि आपण त्यांच्यापासून साठ मीटरच्या आत पाहिजे. सिमकोवर ट्राउट आणि व्हाइटफिशचा हिवाळी सीझन १५ मार्चला संपतो, आणि शरद ऋतूत, जेव्हा ते अंडी घालतात, तेव्हाही पकडता येत नाहीत. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, नारळी पौर्णिमेपर्यंत मच्छीमार होड्या वर ओढून ठेवतात, ते बघत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

दादाने जागा निवडली ती नकाशा बघून. बे मध्ये किनाऱ्यापासून तळ एकदम खाली जातो, तो उतार जिथे संपून सपाट होतो तिथे साधारण पंच्याऐंशी फुटांवर. इलेक्ट्रिक ऑगरने आठ इंच रुंदीची दोन भोकं मिनिटभरात झाली. मग एक मोठा झारा घेऊन भोकातला बर्फाचा चुरा काढायचा, तो परत परत येतो, परत परत काढायचा, दिवसभर हे काम चालूच राहतं कारण पाणी वरून गोठत राहतं. वरती छोटा तंबू लावला, कोपरे बर्फात स्क्रूने पक्के केले. आत प्रोपेनचा छोटा हीटर. हीटर लावला की तंबूची खिडकी थोडी उघडी ठेवायचीच, थंडी वाजली तरी, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोप आल्यासारखा येतो, हे दादाने दोनदा बजावलं आणि मी पण इथे बजावतेय.

मग फ्लॅशर. हे गोल स्क्रीनचं सोनार, भोकात त्याचा सेन्सर सोडायचा. तळ एक जाड रेघ दिसतो, आपला जिग (वजन असलेला गळ) एक बारीक रेघ, आणि मासा आला की तिसरी रेघ उगवते, लांब असला की बारीक आणि हिरवट, जवळ आला की जाड आणि लाल. पंच्याऐंशी फुटांवर आपण दोन इंच दोरी वर घेतली तर ती रेघ दोन इंच वर सरकलेली दिसते. सुरुवातीला मी रॉडकडे बघायचेच नाही, नुसती त्या स्क्रीनकडे, आणि नंतर दादा म्हणाला की आता डोळे मिटून बस, दोरीला बोट लाव. तिथे मला खाडीवरचं सगळं आठवलं.

व्हाइटफिश हा तळाला चरणारा मासा. रुपेरी अंग, मोठे खवले, डोकं छोटं आणि तोंड खालच्या बाजूला वळलेलं, जमिनीवरचं वेचून खायला बनलेलं. तो छोट्या शिंपल्या, किडे, गोबी नावाचे छोटे मासे असलं तळावरचं खातो. म्हणून आमिष तळाला टेकलेलं किंवा तळापासून बोटभरच वर पाहिजे. एका भोकात दादाने सेट लाइन टाकली, म्हणजे गळाला खारवलेला मिनो (बोटभर छोटा मासा) लावून तो तळावर नुसता पडून ठेवायचा. हे खारवलेले मिनो सिमकोवर सगळे जुने लोक वापरतात, काही तुकडे करून भोकातून खाली टाकतात म्हणजे मासे जागेवर येतात आणि घुटमळतात. डबा उघडल्यावर जो वास आला तो सुक्या बाजाराचा होता, मला एकदम बरं वाटलं. आमिष घेतल्याची पावती खिशात ठेवायची हे पण लक्षात ठेवा, आता आमिषाचे मासे कुठून कुठे न्यायचे याचे नियम कडक झालेत, एका पाण्यातले रोग आणि नको ते प्राणी दुसऱ्या पाण्यात जाऊ नयेत म्हणून.

माझ्या भोकात छोटा पिवळट जिग होता, वजनदार, खाली गेला की तळावर आपटायचा. थप, थप, थप, चिखलाचा लहानसा ढग उठेल असं, मग चार इंच वर उचलून एकदम स्थिर धरायचा. मासा आवाजाने आणि त्या ढगाने येतो आणि स्थिर असतानाच घेतो. खूप वेळ काही नाही. मग स्क्रीनवर तळाची रेघ थोडी जाड झाली, जणू तळच फुगला. "तुका दिसता काय? तो तळाक चिकटान आसा," दादा हळू आवाजात म्हणाला. मी जिग धरून ठेवला. आणि जे झालं त्याला झटका म्हणता येणार नाही, दोरीचं वजन कमी झालं एवढंच. मासा जिग तोंडात घेऊन किंचित वर आला होता, म्हणून दोरी सैल पडली होती. व्हाइटफिश असाच घेतो, खाली ओढत नाही, उचलतो, आणि ज्याला खाली ओढ यायची वाट बघायची सवय आहे त्याला तो कधी येऊन गेला तेच समजत नाही. शेंगटी पण कधीकधी असं करायची. मी मनगट वर घेतलं, जोरात नाही, नुसतं दोरी ताणली जाईल इतकं, आणि खाली वजन लागलं.

व्हाइटफिशचं तोंड मऊ असतं, खेचाखेच केली की गळ फाडून सुटतो. रीळचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना लागणारा ब्रेक, सैल ठेवायचा, तो पळाला की पळू द्यायचं, थांबला की आपण गुंडाळायचं. पंच्याऐंशी फूट म्हणजे खूप लांब वाटतं, मनगटातून त्याचं डोकं हलवणं कळत असतं, मध्येच तो परत तळाकडे झेप घेतो, मग परत पहिल्यापासून. भोकाशी आला तेव्हा आधी एक चांदीची बाजू चमकून गेली, गोल फिरला, परत खाली गेला. दुसऱ्यांदा डोकं भोकात वळवलं आणि दादाने हात घालून कल्ल्यामागे धरला. चार पौंडाच्या आसपास असेल. मोठ्याने ओरडले मी, शेजारच्या तंबूतले दोघेजण बघायला बाहेर आले आणि त्यांनीच आमचा फोटो काढला.

दादाने मासा हातात देताना पहिली गोष्ट काय केली तर त्याच्या पाठीवरून, शेपटीच्या थोडं अलीकडे बोट फिरवलं. तिथे एक छोटा मांसल पर असतो, ट्राउटलाही असतो आणि व्हाइटफिशलाही. मग पोटाखालचे पर, छातीचे पर, एकेक उघडून बघितले. एक पर कापलेला होता. म्हणजे हा मासा हॅचरीतला, मासे पैदास करतात तिथला. सरकार लेकमध्ये जी पिल्लं सोडतं त्यांचा एखादा पर आधी कापून सोडतं, म्हणजे नंतर पकडलेला मासा सोडलेला आहे की लेकमध्येच जन्मलेला ते बघून कळतं. हे मला आधी काहीच माहिती नव्हतं आणि मला सांगावंसं जे वाटतं ते खरं तर इथेच आहे.

या लेकमधला ट्राउट आणि व्हाइटफिश जवळजवळ संपला होता. म्हणजे मोठे मासे होते, पण पिल्लं जगत नव्हती. कारण असं की आजूबाजूची शेती, वाढणारी गावं, सांडपाणी, दक्षिणेला हॉलंड मार्शची भाजीपाल्याची शेती, सगळीकडून फॉस्फरस लेकमध्ये येत राहिलं. फॉस्फरस आलं की शेवाळ वाढतं, ते मरून तळाला जातं, तिथे कुजतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं. उन्हाळ्याच्या शेवटी वरचं पाणी गरम आणि खालचं पाणी थंड असे दोन थर असतात, ते मिसळत नाहीत, त्यामुळे खालच्या थरात नवा ऑक्सिजन पोचत नाही. आता ट्राउटला थंड पाणी पाहिजे म्हणून तो खाली जाणार, आणि खाली श्वास घ्यायला काही नाही. मोठे कसेबसे तग धरून राहतात, पिल्लं मरतात. १९६० च्या दशकापासून ट्राउटची पिल्लं सोडायला लागले, १९८० च्या दशकापासून व्हाइटफिशची, आणि बरीच वर्षं लोकांनी पकडलेले बहुतेक मासे सोडलेलेच असायचे. हेरिंग नावाच्या माशाची, म्हणजे सिस्कोची, मासेमारी तर २००१ मध्ये बंदच केली, ती २०१५ ला परत उघडली.

२००८ मध्ये ऑन्टारियोने फक्त या एका लेकसाठी कायदा केला आणि २००९ मध्ये त्याचा प्लॅन आला. वर्षाला ४४ टनांपेक्षा जास्त फॉस्फरस लेकमध्ये जाऊ नये आणि खोल पाण्यात लिटरला ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहावा अशी उद्दिष्टं त्यात आहेत. फॉस्फरसचं उद्दिष्ट अजून गाठलेलं नाही, बांधकामं तर बॅरीपासून खाली वाढतच चाललीत, पण खोल पाण्याची स्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आणि २००० नंतर लेकमध्ये जन्मलेले ट्राउट परत दिसायला लागले. आपण बर्फावर बसतो तेव्हा कधीकधी मंत्रालयाची माणसं स्नोमोबिलवरून येतात, किती वेळ बसलात, काय मिळालं विचारतात, मासा असेल तर मोजतात, पर बघतात. त्यांना नीट उत्तर द्यावं, लेकमध्ये काय चाललंय हे कळायचा तो एक मोठा मार्ग आहे.

ट्राउटचं सगळंच वेगळं. व्हाइटफिश तळाला चिकटलेला असतो, ट्राउट हिवाळ्यात कुठेही फिरतो. बर्फाखाली पाणी वर शून्याजवळ आणि तळाला चार डिग्री, कारण चार डिग्रीचं पाणी सगळ्यात जड, म्हणजे त्याच्यासाठी वरपासून खालपर्यंत सगळंच थंड, उन्हाळ्यासारखी अडचण नाही. त्यामुळे मध्येच तीस फुटांवर एक जाड लाल रेघ येते आणि निघून जाते. त्यासाठी पांढऱ्या ट्यूबचा जिग टाकतात किंवा चमकणारा स्पून, आणि बसून राहायचं नाही, वरखाली करत राहायचं.

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी मी जिग तळाला सोडून वर घेत होते आणि तळापासून एक रेघ सुटली, सरळ माझ्या रेघेच्या मागे. दादा ओरडला, "इलो गो इलो, थांबू नको, वर घे, वर घे!" ट्राउट पाठलाग करणारा मासा आहे, तुम्ही थांबलात की त्याचा रस जातो, पळणाऱ्या माशासारखं पळत राहायचं. मी रीळ फिरवत राहिले, सत्तर फूट, साठ, पन्नास, दोन्ही रेघा वर, मधलं अंतर कमी कमी, हात सुजल्यासारखे झालेले, आणि चाळीस फुटांवर दोन रेघांची एक झाली. इथे मात्र बोटाने ओळखायचं काही नव्हतं, रॉड भोकाच्या कडेपर्यंत वाकला आणि दोरी उलटी धावायला लागली.

त्याने वर यायला बराच वेळ घेतला, तो भोकाखाली गोल फिरत होता, दोरी बर्फाच्या कडेला घासू नये म्हणून मी गुडघ्यावर बसून रॉडचं टोक पाण्यात बुडवलं होतं. मग भोकातून बुडबुडे यायला लागले, एकामागोमाग एक. खोलातून वर येताना ट्राउट पोटातल्या हवेच्या पिशवीतली हवा तोंडावाटे सोडतो, म्हणून त्याला एवढ्या खोलातून वर आणून परत सोडलं तरी तो खाली जाऊ शकतो, पर्चला हे जमत नाही. बुडबुड्यांच्या मागून त्याचं डोकं आलं, राखाडी हिरवं, अंगावर फिकट ठिपके आणि खोल दुभंगलेली शेपटी नंतर दिसली.

त्याला बर्फावर काढलाच नाही. उणे पंधरा-वीसमध्ये मासा बाहेर ठेवला की डोळे आणि कल्ले काही क्षणांत गोठायला लागतात, म्हणून पाण्यात धरूनच मी ग्लोव्ह काढून त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. छोटा पर होता. पोटाखाली दोन्ही होते, छातीचे दोन्ही होते. सगळे पर धड. हा याच लेकमध्ये, कुठल्यातरी खडकाळ उथळ्यावर, बर्फ धरायच्या आधी घातलेल्या अंड्यातून आलेला मासा. लेक ट्राउट सावकाश वाढतो, अंडी घालायच्या वयाचा व्हायला बरीच वर्षं लागतात, वीस-वीस वर्षं सहज जगतो. म्हणजे एवढा मोठा झालेला मासा किती उन्हाळे त्या खालच्या पाण्यात काढून आलाय याचा विचार करा. कायद्याने मी तो ठेवू शकत होते. दादाचा स्वतःचा नियम आहे की पर कापलेला असेल तर घरी, सगळे पर असतील तर परत, आणि तो त्याने माझ्यावर लादला नाही, नुसता गप्प बसून राहिला. मी गळ काढला, डोकं खाली करून सोडलं, शेपटीचा एक फटका माझ्या हातावर आणि गेला. बाहीतून कोपरापर्यंत पाणी गेलं होतं ते नंतर कळलं.

याच लेकच्या उत्तर टोकाला, ओरिलियाजवळ अथर्ली नॅरोजला, पाण्याखाली लाकडी मेखांच्या रांगा आहेत, मासे अडवायला रोवलेल्या, त्यातल्या सगळ्यात जुन्या पाच हजार वर्षांच्या आसपासच्या. मेन्जिकानिंग फिश वियर्स म्हणतात त्यांना. इथल्या मूळ लोकांची किती पिढ्यांची मासेमारी त्या अरुंद पाण्यात झाली. मार्चमध्ये परत येताना आम्ही तिथला फलक बघायला थांबलो. लेकमध्येच असलेल्या जॉर्जिना आयलंडवर चिप्पेवा लोकांची वस्ती आजही आहे. आपण कोणाच्या पाण्यावर बसतोय ते माहिती असलेलं बरं.

आता खायचं. ऑन्टारियो सरकार मासे खाण्याबद्दलचं गाइड काढतं, लेक, माशाचा प्रकार आणि लांबी बघून महिन्यातून किती वेळा खावा ते दिलेलं असतं, कारण मोठ्या आणि म्हाताऱ्या माशात पारा आणि बाकीची रसायनं साठतात. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी वेगळे आकडे असतात, ते आधी बघाच. घरी नेताना मासा ओळखू येईल आणि मोजता येईल असा पाहिजे, म्हणून लेकवर फिले केला तर कातडीचा तुकडा तसाच ठेवायचा. फेब्रुवारीत गाबोळी मिळत नाही, अंडी आधीच घालून झालेली असतात.

व्हाइटफिश वहिनीने तळला. मालवणी मसाला, हळद, आगळ, वरून तांदळाचं पीठ आणि रवा. मांस पांढरं, नाजूक, पापुद्रे सुटतात, परतताना घाई केली तर तुटतो. चव सौम्य आहे, समुद्राच्या माशाची अपेक्षा ठेवू नका, पण थंड पाण्यातला म्हणून चांगलं तेल असतं आणि ताजा असेल तर गोडसर लागतो. ट्राउट दादाला नंतर एक पर कापलेला मिळाला, त्याचं मांस नारिंगी आणि बरंच तेलकट, म्हणून त्याला बांगड्यासारखं तिरफळं घालून तिखलं केलं. मला तळलेल्या व्हाइटफिशपेक्षा ते जास्त आवडलं. वहिनी म्हणाली व्हाइटफिशच. दोन्ही माशांची डोकी आणि काटे टाकू नका, त्याचं सार छान होतं.

पुढच्या जानेवारीत बर्फ नीट धरला तर आम्ही परत केम्पेनफेल्ट बेवर असू. ज्यांना यायचंय त्यांनी लायसन्स आधी काढून ठेवा, कोणत्या बाजूने जाणार आणि कधी परतणार हे घरी लिहून ठेवायची सवय लावा, आणि गरम बूट घ्या. रॉड माझ्याकडे दोन जास्तीचे आहेत.